'आदिवासी' : एका शब्दाची घडण आणि त्याचा अर्थ

भारताच्या राज्यघटनेत 'आदिवासी' हा शब्द नाही. घटनेत 'अनुसूचित जमाती' या अर्थाचा प्रयोग आहे, आणि अनुच्छेद ३४२ अन्वये राष्ट्रपतींच्या आदेशात ज्यांची नावे नमूद झाली, त्याच या जमाती होत. उलटपक्षी, महाराष्ट्र शासनाच्या ज्या विभागाकडे या जमातींचे हित सोपविले आहे त्याचे नाव 'आदिवासी विकास विभाग' असे आहे. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली संशोधन संस्थाही 'आदिवासी' हेच नाव धारण करते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे १० कोटी ४३ लक्ष आणि महाराष्ट्रातील सुमारे १ कोटी ५ लक्ष लोक या वर्गात मोडतात. इतक्या मोठ्या समाजाला कायदा एका नावाने ओळखतो आणि लोकव्यवहार दुसऱ्या नावाने, ही गोष्ट केवळ भाषेच्या सोयीची नव्हे. पहिल्या नावाचा आधार यादी हा आहे; दुसऱ्याचा आधार एक दावा आहे. तो दावा मुळात कशाविषयीचा होता, हे पाहिल्यावाचून या शब्दाचा अर्थ लागत नाही.

व्युत्पत्ति सरळ आहे. 'आदि' म्हणजे आरंभ आणि 'वासी' म्हणजे राहणारा. 'ग्रामवासी', 'अंतेवासी' या सामासिक शब्दांच्या धर्तीवर तो सिद्ध झाला आहे. परंतु व्युत्पत्ति सरळ असली म्हणजे शब्द प्राचीन ठरतो असे नाही. डोंगराळ व अरण्यमय प्रदेशातील जनसमूहांचे सामान्य नाव म्हणून हा शब्द प्राचीन संस्कृत वाङ्मयात आढळत नाही. तो विसाव्या शतकात घडविलेला आहे, आणि त्याचा संस्कृत पेहराव पाहून त्यास वेदकाळापर्यंत मागे नेण्याचा मोह आवरावयास हवा.

प्राचीनांना या लोकांची ओळख नव्हती असे मात्र नाही. ऐतरेय ब्राह्मणात विश्वामित्राच्या शापित पुत्रांच्या वंशजांमध्ये शबर आणि पुलिंद यांची गणना केलेली आहे. यास्काने 'पंचजन' या पदाचा अर्थ देताना चार वर्ण आणि पाचवा निषाद असे एक मत नोंदविले आहे. अमरकोशात किरात, शबर व पुलिंद हे म्लेच्छांचे भेद म्हणून येतात. ही सर्व विशेषनामे होत. सर्वांना मिळून एक नाव द्यावयाचे झाले म्हणजे प्राचीनांची दृष्टि अरण्याकडे वळे, आणि ते नाव 'आटविक' असे होई. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात आपल्या राज्यातील अटवीस्थ लोकांना त्याने अभय दिले आहे, पण त्याचबरोबर राजाचे सामर्थ्य विसरू नका अशी जाणीवही करून दिली आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील प्रशस्तीत सर्व आटविक राजांना त्याने सेवक केल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. कौटिल्याचे म्हणणे याहून अधिक मार्मिक आहे. चोर आणि आटविक यांच्यात अधिक घातक कोण याची चर्चा करताना तो म्हणतो की आटविक हे आपल्या स्वतःच्या प्रदेशात राहतात, संख्येने पुष्कळ असतात, शूर असतात, उघडपणे लढतात आणि राजांप्रमाणेच वागतात. म्हणजे कौटिल्याच्या लेखी आटविक हा रानात भटकणारा जीव नसून दुसऱ्या एका सत्तेचा धनी होता. 'आटविक' शब्दातील हा राजकीय आशय पुढे लोपला. उरले ते फक्त अरण्य. मराठीतील 'रानटी' आणि 'जंगली' या शब्दांचा प्रवास त्याच दिशेने झाला आहे. रानातला तो रानटी, हा मूळ अर्थ मागे पडून असंस्कृत, उद्दाम हा अर्थ रूढ झाला, आणि आज तर मूळ अर्थाने तो शब्द वापरणेही कठीण झाले आहे.

या लोकांची स्वतःसाठीची नावे पाहिली तर निराळेच चित्र दिसते. मुंडा स्वतःस 'होड़ो' म्हणतात, संथाल 'होड़', सिंहभूममधील हो लोक 'हो'; या तिन्ही शब्दांचा अर्थ 'माणूस' एवढाच आहे. गोंडांचे स्वतःचे नाव 'कोइतोर' असे आहे. 'भिल्ल', 'कोल', 'गोंड' ही सारी नावे शेजाऱ्यांनी दिलेली किंवा शेजाऱ्यांमुळे रूढ झालेली. महाराष्ट्रात कातकऱ्यांना त्यांच्या कात काढण्याच्या धंद्यावरून नाव मिळाले. दक्षिण गुजरातेत व लगतच्या भागात एका जमातीचे नाव 'दुबळा' असेच पडले होते. स्वतःस माणूस म्हणविणाऱ्यांना इतरांनी व्यवसायावरून, वर्णावरून अथवा दौर्बल्यावरून हाक मारावी, हा क्रम शतकानुशतके चालत आला.

ब्रिटिश राजवटीने या नावांवर शासकीय शिक्का उमटविला. त्या राजवटीची अडचण अशी होती की वर्गीकरण तर करावयाचे, पण कशाच्या आधारे करावयाचे हे ठरत नव्हते. १८९१ च्या जनगणनेत बेन्स यांनी शेतकरी व पशुपालक जातींच्या पोटात 'वन्य जमाती' असे उपशीर्षक दिले. १९०१ मध्ये रिस्ले यांनी धर्म ही कसोटी मानून त्यांना 'जीववादी', म्हणजे भूतप्रेतादि चैतन्यशक्तींचे उपासक, असे म्हटले. १९२१ मध्ये 'डोंगरी व वन्य जमाती' हे नाव आले, आणि १९३१ मध्ये हटन यांनी 'आदिम जमाती' असा शब्द योजिला. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात 'मागास जमाती' असा उल्लेख आला. प्रथम व्यवसाय, मग धर्म, मग भूगोल, मग संस्कृतीची पायरी, आणि शेवटी मागासलेपण. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पाच नावे झाली, आणि त्यांतील एकही त्या लोकांना विचारून दिलेले नव्हते. 'अनुसूचित' या विशेषणाचा पूर्वज याच काळातला आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८७४ च्या 'अनुसूचित जिल्हे' कायद्याने काही मुलूख सर्वसाधारण कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवण्याची व्यवस्था केली. अनुसूचीत आधी जमीन गेली, माणसे मागाहून आली.

इंग्रजी अंमलदार व मिशनरी यांच्या लेखणीत आणखी एक शब्द सतत येई, तो 'ॲबोरिजिनीज'. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. रोमच्या आख्यायिकांत लॅटियम प्रांतातील अतिप्राचीन रहिवाशांना हे नाव होते. पुढे युरोपीय वसाहतींच्या विस्ताराबरोबर ते ऑस्ट्रेलियादि खंडांतील लोकांना लावले गेले. 'आदिवासी' हा त्याचाच अनुवाद होय असे सामान्यतः मानले जाते, आणि शब्दशः पाहता ते चुकीचे नाही. तथापि अनुवाद म्हणजे अर्थाची नक्कल नव्हे. वसाहतवाल्यांच्या तोंडी 'ॲबोरिजिनी' हा ओसरत चाललेल्या लोकांचा वाचक होता. 'आदिवासी' हा शब्द ज्यांनी उचलला त्यांना ओसरावयाचे नव्हते.

तो शब्द उचलला जाण्यापूर्वी 'आदि' या उपसर्गवजा पदाला भारतीय समाजकारणात एक विशिष्ट धार आलेली होती. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात या भूमीचे मूळचे धनी कोण, हा प्रश्न मांडला आणि 'क्षत्रिय' शब्दाचा संबंध 'क्षेत्र' म्हणजे जमीन या शब्दाशी जोडला. ती व्युत्पत्ति भाषाशास्त्रास मान्य होवो वा न होवो, तिच्यातील विचार दूरवर गेला. मद्रास इलाख्यात 'आदि-द्राविड' व 'आदि-आंध्र', म्हैसुराकडे 'आदि-कर्नाटक', हैदराबाद व संयुक्त प्रांत येथे 'आदि-हिंदू', पंजाबात १९२६ पासून 'आद-धर्म' अशी नावे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांनी धारण केली. १९२२ मध्ये मद्रास सरकारने जुन्या हीनत्वदर्शक नावांऐवजी त्यांतील पहिली दोन नावे मान्य केली. या सर्वांमागे एकच युक्तिवाद होता: आम्ही खालचे नव्हे, आधीचे. 'आदिवासी' हा शब्द याच हवेत जन्मास आला. त्यामुळे त्याचा उगम केवळ कोशात शोधून भागत नाही.

त्याच्या जन्मस्थानाविषयी दोन परंपरा आहेत. महात्मा गांधींनी रचनात्मक कार्यक्रमावरील आपल्या पुस्तिकेच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत 'आदिवासी' हा नव्याने बनविलेला शब्द असल्याचे सांगून तो बहुधा ठक्करबाप्पांनी घडविला असावा असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी त्यांनी 'रानीपरज' या दुसऱ्या नव्या शब्दाचा दाखला दिला आहे. सुरत जिल्ह्यात पाटीदार, वाणी, ब्राह्मण यांना 'उजळीपरज' आणि डोंगरी जमातींना 'काळीपरज' म्हणत; त्या काळ्या-गोऱ्या भेदाऐवजी 'रानातील प्रजा' असे नाव जुगतराम दवे यांनी सुचविले, असे गांधींचे सांगणे आहे. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापिले होते, आणि १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मारक व्याख्यान देताना त्यांनी याच लोकांचा प्रश्न मांडला होता. शब्द देशभर नेण्यातील त्यांचा वाटा निःसंशय मोठा आहे.

परंतु दुसरी परंपरा पूर्वेकडची आहे, आणि कालक्रमाच्या दृष्टीने ती अधिक भक्कम आहे. छोटानागपुरात सुशिक्षित मुंडा, उरांव आदींनी 'उन्नति समाज' ही संस्था चालविली होती. तिच्यासह काही संघटना एकत्र येऊन १९३८ मध्ये 'आदिवासी महासभा' स्थापन झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये जयपाल सिंह तिचे अध्यक्ष झाले. ॲमस्टरडॅम येथील १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नायक म्हणून ज्यांचे नाव झाले, तेच हे जयपाल सिंह. 'उन्नति'पासून 'आदिवासी'पर्यंतचा हा नामबदल बोलका आहे. उन्नति ही मागे असलेल्याने करावयाची गोष्ट. आदिवासी हे आधीच असलेल्याचे नाव. एक लहानसा भाषिक पुरावाही येथे नोंदविण्याजोगा आहे. संविधानसभेच्या इतिवृत्तात जयपाल सिंहांच्या भाषणांतून हा शब्द 'आदिबासी' असा, बकारयुक्त, उमटला आहे. तो बंगाली व छोटानागपुरी उच्चार आहे. दाहोदहून निघालेला शब्द असा उच्चारला गेला नसता.

या पूर्वेकडील परंपरेत 'आदि' या पदाला जो अर्थ होता तो समजण्यासाठी छोटानागपुरातील जमीनधारणेकडे वळावे लागते. मुंडांच्या गावाची स्थापना म्हणजे एका कुळाने रान तोडून जमीन लागवडीस आणणे. ज्या कुळाने रान तोडले त्याचे पुरुषवंशातील वारस त्या गावाचे 'खुंटकट्टीदार'. जमीन त्या कुळाची समाईक, आणि मागाहून येऊन राहणाऱ्याचा दर्जा निराळा. उरांवांकडे याच प्रकारच्या हक्कास 'भुईंहारी' म्हणत. मराठी वाचकाला येथे मिरासदार आणि उपरी यांच्यातील भेदाची आठवण होईल. ती योग्य आहे, मात्र मिरास ही मुख्यतः एकेका घराण्याची, आणि खुंटकट्टी ही कुळाच्या संपूर्ण गावावरील सत्तेची. या हक्काला कागद नसे. प्रत्येक कुळाचे 'सासनदिरी' म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेले मोठे पाषाण गावाशेजारी असत, आणि हे पाषाण जेथे आहेत तेथील जमीन आमची, हाच त्यांचा पुरावा असे.

हा पुरावा कचेरीत चालला नाही. नागवंशी राजांनी बाहेरून आणलेल्या जहागीरदारांना व ठेकेदारांना गावे बहाल केली. इंग्रजी न्यायालयांनी कागदालाच प्रमाण मानले. 'दिकू' म्हणजे परका, उपटसुंभ, हा शब्द या काळात मुंडांच्या तोंडी संतापाने भरला गेला. १८३१-३२ चा कोल उठाव, त्यानंतर अनेक वर्षे अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने चाललेली 'सरदारी लढाई', आणि शेवटी १८९९-१९०० चा बिरसा मुंडाचा उलगुलान, या सर्वांच्या मुळाशी एकच तक्रार होती: रान आम्ही तोडले, आता जमीन दुसऱ्याची कशी? बिरसा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मरण पावला. त्यानंतर मोजणी झाली, आणि १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याने मुंडारी खुंटकट्टीदारास कायदेशीर व्याख्या दिली. जंगलजमीन लागवडीस आणण्याचा हक्क मिळविणारा मुंडा आणि त्याचे पुरुषवंशीय वारस, अशा आशयाची ती व्याख्या आहे.

त्यानंतर अवघ्या तीस वर्षांनी त्याच भूमीत 'आदिवासी महासभा' उभी राहते. तेव्हा 'आदि' म्हणजे केवळ आर्यपूर्व, केवळ इतिहासाच्या उषःकाळचा, असा अर्थ घेणे अपुरे ठरते. रांचीच्या श्रोत्याला 'आदिवासी' म्हणजे प्रथम वसलेला, ज्याने रान तोडून गाव वसविले तो, हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो त्याच्या मागील शंभर वर्षांच्या लढ्याचा सारांश होता. आर्य-अनार्य वंशकल्पना या शब्दात पुढे मिसळली, आणि जयपाल सिंहांनीही १९ डिसेंबर १९४६ च्या संविधानसभेतील भाषणात सिंधु संस्कृतीपासूनचा वारसा सांगितला. परंतु वंशाचा थर वरचा आहे, जमिनीचा थर खालचा. शब्दाच्या टीकाकारांनी बहुधा वरच्या थरावरच घाव घातले आहेत.

त्या टीकाकारांत सर्वांत समर्थ म्हणजे मुंबई विद्यापीठाचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. त्यांचा 'तथाकथित मूळ रहिवासी' या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे १९५९ मध्ये 'अनुसूचित जमाती' या अर्थाच्या नव्या नावाने निघाला. नावातील हा बदलही सूचक आहे. घुर्ये यांचे प्रतिपादन असे की या जमातींनीही वेळोवेळी स्थलांतरे केली आहेत. कोण कोठे प्रथम आला हे सिद्ध करता येत नाही. सबब हे लोक 'मागासलेले हिंदू' होत. यांतील अखेरचा निष्कर्ष वादग्रस्त आहे, पण पहिले विधान झटकून टाकण्यासारखे नाही. संथाल परगण्याचेच उदाहरण घेता येईल. राजमहालच्या टेकड्यांलगतच्या 'दामिन-इ-कोह' या मुलखात संथाल मोठ्या संख्येने आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात. त्यांच्या आधी तेथे पहाडिया लोक होते. १८५५ चा संथाल 'हूल' ज्या भूमीसाठी झाला, ती त्यांनी दोन पिढ्यांपूर्वीच लागवडीस आणली होती. उरांव आपण रोहतासगडाकडून आलो असे सांगतात, आणि मुंडांच्या कथांत त्यांच्याही आधीचे 'असुर' आहेत. मुंडारी भाषाकुल खासी, मोन, ख्मेर या पूर्वेकडील भाषांशी नाते सांगते. अर्वाचीन आनुवंशिकी संशोधनानेही भारतातील जवळपास सर्व समाज हे मिश्र वंशपरंपरांचे असल्याचे दाखविले आहे. निरपेक्ष 'आदि' कोणासही सापडणार नाही.

पण हा आक्षेप खुंटकट्टीच्या अर्थाला लागू पडत नाही. संथाल दामिन-इ-कोहमध्ये पहाडियांच्या नंतर आला हे खरे. तेथील विशिष्ट गावाचे रान त्याने तोडले हेही तितकेच खरे, आणि सावकार त्याच्याही नंतर आला. 'आधी' हा शब्द येथे सापेक्ष आहे. तो कोणाच्या तुलनेत आधी, हे त्या त्या गावच्या जमिनीच्या इतिहासात पाहावयाचे असते, मानवजातीच्या इतिहासात नव्हे. घुर्ये यांच्यासारख्या सूक्ष्म अभ्यासकाचे लक्ष या भेदाकडे जावयास हवे होते, असे म्हणणे अनुचित होणार नाही.

संविधानसभेत या शब्दाचा निकाल लागला तो वेगळ्याच कारणाने. 'अनुसूचित जमाती' याचे भाषांतर 'आदिबासी' असेच व्हावे, त्या शब्दात प्रतिष्ठा आहे, असा आग्रह जयपाल सिंहांनी धरला. 'वनजाति' या पर्यायावर त्यांचा रोष होता: आमच्यातील बहुसंख्य लोक जंगलात राहतच नाहीत, आणि हा शब्द कालपर्यंत असंस्कृत या अर्थी शिवीसारखा वापरला जात होता, असे ते म्हणाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये दिलेले उत्तर शुद्ध विधिज्ञाचे होते. 'आदिवासी' हा 'अस्पृश्य' या शब्दाप्रमाणेच सामान्य शब्द आहे. त्याची कायद्याच्या दृष्टीने निश्चित व्याप्ति नाही, कोणीही कोणाचाही त्यात समावेश करील. हक्क द्यावयाचे तर ज्यांना द्यावयाचे त्यांची गणना केली पाहिजे. या युक्तिवादाला तोड नाही. मात्र यादीचेही स्वतःचे विपर्यास असतात. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत अनेक जमातींना प्रांतातील ठराविक क्षेत्रापुरतीच मान्यता होती. म्हणजे एकाच जमातीचा माणूस तालुक्याची शीव ओलांडली की अनुसूचित राहत नसे.

यादीचा सर्वांत विलक्षण विपर्यास आसामात दिसतो, आणि तेथे 'आदिवासी' हा शब्दही उलटा होऊन भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चहाच्या मळ्यांसाठी छोटानागपूर व आसपासच्या मुलखांतून हजारो मुंडा, उरांव, संथाल मजूर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात नेण्यात आले. आसामच्या डोंगराळ व मैदानी भागांतील स्थानिक जमाती स्वतःस 'आदिवासी' म्हणवीत नाहीत; तेथे हा शब्द मळ्यांवर आलेल्या या लोकांचा वाचक झाला. म्हणजे मूळ रहिवासी या अर्थाचा शब्द नेमका त्यांना लागला जे त्या भूमीत बाहेरून आले! आणि १९५० च्या आदेशातील आसामच्या यादीत त्यांची नावे आली नाहीत, कारण ते तेथले मूळचे नव्हेत. रांचीत ज्याच्या बापाचा सासनदिरी पाषाण उभा, त्याचा मुलगा आसामात शब्दाने आदिवासी आणि कायद्याने नव्हे. जमिनीपासून तुटलेल्या शब्दाची यापेक्षा बोलकी अवस्था दुसरीकडे क्वचितच आढळेल.

शेजारच्या देशांतही या शब्दाचे भाग्य सारखे नाही. नेपाळने २००२ च्या कायद्याने 'आदिवासी जनजाति' हे जोडनाव स्वीकारले. बांगलादेशाने २०११ च्या घटनादुरुस्तीत उपजाति, क्षुद्र जातिसत्ता, नृगोष्ठी असे शब्द घेतले, 'आदिवासी' मात्र टाळला. भारत शासनाची आंतरराष्ट्रीय भूमिका अशी राहिली आहे की स्वतंत्र भारतातील सर्वच जनता मूळची आहे. तीच भूमिका ठेवून त्याने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. याउलट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील एका भिल्ल स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात निर्णय देताना, भिल्लादि जमाती या बहुधा देशाच्या मूळ रहिवाशांच्या वंशज असून उरलेली बहुसंख्य प्रजा बाहेरून आलेल्यांची संतति आहे, अशी मीमांसा केली. शासन सर्वांना मूळचे म्हणते, न्यायालय थोड्यांना. दोघेही प्रश्न वंशाचा समजून उत्तर देतात.

देशांतर्गत वाद 'वनवासी' या पर्यायाभोवती फिरत राहिला. १९५२ मध्ये जशपूर येथे रमाकांत केशव देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रम स्थापन केला, तेव्हापासून हा शब्द संघटितपणे प्रचारात आला. त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की 'आदि' म्हटल्याने उरलेले सारे उपरे ठरतात व समाजात फूट पडते. ही भीति वंशवाचक अर्थ गृहीत धरून आहे. परंतु जयपाल सिंहांनी 'वनजाति'वर घेतलेला आक्षेप 'वनवासी'लाही तसाच लागतो: तो शब्द राहण्याचे ठिकाण सांगतो, हक्क सांगत नाही. शिवाय मराठी कानाला 'वनवास' म्हणजे चौदा वर्षांची शिक्षा. वनवासी मनुष्य परत घरी जावयाचा असतो; ज्याचे घरच तेथे आहे त्याला तो शब्द कसा लागावा?

महाराष्ट्रात 'आदिवासी' हा शब्द आला तो मुख्यतः पश्चिमेकडून, ठक्करबाप्पांच्या सेवाकार्याच्या वाटेने. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने चाललेले 'आदिवासी सेवा मंडळ' हे त्याचे ठळक उदाहरण. त्यामुळे मराठीत त्याला प्रथम सेवेचा, कळवळ्याचा रंग चढला. पण त्याच जिल्ह्यात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध जो लढा उभारला, त्याने शब्दाचा रंग पालटला. 'वारल' म्हणजे जमिनीचा लहान तुकडा, यावरून 'वारली' हे नाव पडले अशी एक व्युत्पत्ति सुचविली जाते. ती खरी असल्यास ज्यांच्या नावातच जमीन होती त्यांच्याजवळ ती उरली नव्हती. सावकार-जमीनदारांच्या जमिनीवर ते राबत. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकीकत १९७० मध्ये पुस्तकरूपाने सांगितली, तिचे मराठी नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' असे आहे. इंग्रजी अवतारात तेथे 'आदिवासी' शब्द आला. मराठी नावातील 'माणूस' मात्र मुंडांच्या 'होड़ो'ची आणि सिंहभूमच्या 'हो'ची आठवण करून देतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानेही आपल्या शीर्षकात 'अनुसूचित जमाती' हेच शब्द वापरले आहेत. 'आदिवासी' तेथेही नाही. परंतु त्या कायद्याखालील २००८ च्या नियमांत हक्क सिद्ध करण्यासाठी कोणकोणते पुरावे ग्राह्य धरावेत याची जी गणना आहे, तीत सरकारी कागदपत्रांबरोबरच वडीलधाऱ्यांचे जबाब, आणि प्राचीनत्व दर्शविणाऱ्या पारंपरिक खुणा म्हणून विहिरी, पवित्र स्थाने व दफनभूमि यांचाही समावेश केलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला या कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्काची मान्यता मिळाली. मुंडांच्या सासनदिरी पाषाणांना कचेरीने पुरावा म्हणून नाकारले, त्याला तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.